झाकोबा

आमच्या शहराच्या जुन्या वेशीसमोर एक पुतळा ताडपत्रीत उभा आहे. त्याचं तोंड वरच्या पेठेकडे असावं की खालच्या, यावर दोन्ही पेठा इतकी वर्षं भांडताहेत की मधल्या काळात तीन ताडपत्र्या म्हातारपणाने वारल्या आणि आत कोण आहे हेच सगळे विसरले. लोक त्याला झाकोबा म्हणतात आणि नवस बोलतात. माणसाचा देव व्हायला एवढंसं कापड पुरतं!

परवा पाहुण्यांना वेस दाखवायला नेलं, तर पायथ्याशी हार विकणाऱ्या गंगूमावशी डोक्याला हात लावून बसलेल्या.

"पेठांचं जमलं म्हणे. तोंड नदीकडे. रविवारी उघडणार मेल्याला!"

"मग हार खपतील की, मावशी."

"कसले खपतात? देवाला रोज हार लागतो. पुढाऱ्याला वर्षातून दोनदा, जयंतीला आणि पुण्यतिथीला!"

परतताना खालच्या पेठेत चहाला थांबलो आणि सहजच म्हणालो, "तोंड नदीकडेच आहे हो. डोळे तेवढे वरच्या पेठेकडे वळलेत म्हणतात."

रविवारी झाकोबाला पाचवी ताडपत्री नेसवली. पहिला हार मावशींनी मलाच घातला.