इजलासातला विडा

विहिरीत गळ टाकला त्या सकाळचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, फरारी आरोपींच्या मागे बालाघाटाचे डोंगर तुडवले. पण कुणी विचारलं की कोणतं प्रकरण मनातून जात नाही, तर मी एका मेलेल्या कुत्र्याचं प्रकरण सांगतो. ऐकणारा आधी हसतो. मी त्याला हसू देतो.

निजामी राजवटीचे ते शेवटचे दिवस. उस्मानाबाद, म्हणजे लोकांच्या तोंडच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अमीन होतो. आजच्या भाषेत फौजदार. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांची तर नाहीच नाही. त्यांची नातवंडं आज तिथं सुखानं नांदताहेत.

गावाला बलदिया होती, म्हणजे नगरपालिका. अध्यक्ष तहसीलदार आणि सभासद सरकारनं नेमलेले: व्यापारी, वकील, एक-दोन जमीनदार. उन्हाळ्यात बलदियाचा मवाजना तयार होई. मवाजना म्हणजे पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक. कुठं रस्ता करायचा, कुठं गटार, कुठं विहीर. त्यासाठी दोन इजलास, म्हणजे बैठका भरत. पहिल्या इजलासात कच्चा मवाजना. त्यात ज्यानं जे मागितलं ते सगळं लिहून घेत, कारण नुसतं लिहून घ्यायला कुणाचं काही जात नव्हतं. दुसऱ्या इजलासात पक्का मवाजना. त्यात मोठं काम एकच उरायचं आणि बाकीची पुढच्या वर्षावर जायची.

मंजुरीची रीत मोठी मजेशीर होती. पेशकार, म्हणजे बलदियाचा कारकून, उर्दूत एकेक बाब वाची, मराठीत तिचा अर्थ सांगे, आणि मग विड्यांचं तबक फिरे. हात वर करणं वगैरे काही नाही. विडा तोंडात टाकला की मंजुरी. न घेतला तर विरोध. पण अध्यक्षांच्या तबकातला विडा नाकारणं म्हणजे अध्यक्षांचाच अपमान, म्हणून तो कधी कुणी नाकारला नाही. चांदीचा वर्ख लावलेला, लवंग टोचलेला, लाल रेशमी धाग्यानं बांधलेला तो विडा तांबोळी फक्त इजलासासाठी बनवी. मी बंदोबस्ताला दाराशी उभा असे. माणसं आपली मतं अशी चघळून गिळताना मी दुसरीकडं कुठं पाहिली नाहीत.

आणखी एक रिवाज होता. एखाद्या सभासदाला कुणाच्या कामाला आपला शब्द द्यायचा असला, तर तो आपला विडा न खाता राखून ठेवी आणि नंतर त्या माणसाच्या हातावर ठेवी. विडा हातावर आला की काम झालं असं लोक धरून चालत.

गावकुसाबाहेर एक वस्ती होती. तिला विहीर नव्हती. तिथल्या बायका चौकातल्या विहिरीपासून लांब घागरी मांडून बसत आणि कुणी वरून पाणी ओतेल तेव्हा ते घेऊन जात. कुणाला सवड नसली तर दुपार होई. उन्हाळ्यात त्या ओढ्याच्या वाळूत झिरे, म्हणजे पाणी झिरपायचे खड्डे खणत. आदल्या वर्षी असाच एक झिरा खोल करताना दरड कोसळली आणि एक तरुण बाई खाली गेली. पंचनामा मीच केला होता. तिच्या हातातली वाटी सुटलेली नव्हती.

तिचा सासरा हाच या प्रकरणातला म्हातारा. वस्तीसाठी विहीर मिळावी म्हणून तो दर वर्षी बलदियासमोरच्या लिंबाखाली येऊन बसे. आत जायची सोय नव्हतीच. दर वर्षी कच्च्यात विहीर लिहिली जाई, दर वर्षी पक्क्यात गळे. त्या वर्षीही कच्च्यात दोन मोठी कामं आली: वस्तीची विहीर, आणि बाजारपेठेत दगडी हौद. हौदासाठी आग्रह धरला होता एका आडत व्यापाऱ्यानं. हौदाची जागा त्याच्या दुकानासमोरच होती, हे सांगायला पोलीस लागत नाही. त्या इजलासात तबक त्याच्यापुढं आलं तेव्हा त्यानं विडा उचलून खिशात टाकला आणि हसून म्हणाला, "दाढ दुखतीय, घरी खाईन." मी ते दारातून पाहिलं. पोलिसाचे डोळे गरज नसतानाही पाहतात.

मी येरमाळ्याच्या यात्रेचा बंदोबस्त आटोपून परत आलो त्याच सकाळी हा व्यापारी ठाण्यात हजर.

"अमीनसाब, चौकातली विहीर नासवली. मेलेलं जनावर टाकलंय. वास सुटलाय नुसता."

"कुणी टाकलं?"

"आता त्ये मी कशाला सांगायला पाहिजे? मेलेली जनावरं ओढणारे कोण हायेत गावात? त्यो लिंबाखाली बसणारा म्हातारा पहाटं तिकडंच घुटमळत होता, माझ्या माणसानं बघितलंय."

मी विहिरीवर पहारा बसवला, गर्दी हटवली आणि दोन पंच बोलावून गळ टाकला. वर आलं ते एक पोतं. पोत्यात कुत्रं. पोत्याचं तोंड सुतळीनं, दाभणानं, एकसारख्या टाक्यांनी शिवलेलं होतं. पंचनामा झाला, पोतं जप्त झालं. आत काय निघालं हे कुठं बोलाल तर याद राखा, अशी पंचांना तंबी दिली. तपासात ही एक गोष्ट मी नेहमी पाळली: जे फक्त गुन्हेगाराला ठाऊक असतं, ते गावाला कळू द्यायचं नाही.

म्हाताऱ्याला आणायला जवान पाठवणार, तोच तो स्वतः ठाण्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"अमीनसाब, म्या टाकलं. मला आत घ्या."

आपल्या पायांनी चालत येऊन गुन्हा कबूल करणाऱ्याची मला नेहमीच धास्ती वाटत आली आहे. चोर कबूल होतो तो कंटाळून किंवा घाबरून. हा ना कंटाळला होता, ना घाबरला होता. देवाला आल्यासारखा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आला होता.

त्याला समोर बसवलं. अशा माणसाला 'अरे-तुरे' करायची आमच्या खात्याची रीत होती. वडिलांच्या वयाच्या माणसापुढं माझी जीभ तशी वळत नसे.

"बाबा, काय टाकलंत?"

"मेलेलं वासरू."

"कसं टाकलंत?"

"पायाला धरून. दिलं लोटून."

"पोत्यात घातलं होतं का?"

"न्हाय. पोतं कुठलं आमच्याकडं?"

माझ्या दृष्टीनं प्रकरण तिथंच उलटलं. याला काहीच माहीत नव्हतं. मी झडती घ्यायला सांगितली. जमादारानं त्याचं मुंडासं सोडलं आणि आतल्या पदरातून एक सुकत चाललेला विडा निघाला. वर्ख अजून चमकत होता. लाल रेशमी धागा होता, लवंग होती. म्हाताऱ्यानं झेप घेऊन जमादाराचा हात धरला.

"त्याला हात नका लावू! लई वर्सांच्या मिनत्यांनी मिळालाय त्यो!"

बलदियाच्या खोलीत जन्मात पाय न ठेवलेल्या माणसाजवळ इजलासातला विडा. आणि त्या इजलासात विडा न खाता खिशात टाकणारा एकच सभासद. आणखी काही शोधायची गरजच उरली नव्हती.

जमादाराला बाहेर पाठवून मी म्हाताऱ्याला पाणी दिलं. ते तो ओंजळीनं प्यायला. मग सगळं बोलला. आदल्या दिवशी व्यापाऱ्यानं त्याला गाठलं होतं. म्हणाला, विहिरीत कुणीतरी घाण टाकणार असं कानावर आलंय. आळ तुमच्या वस्तीवरच येणार, सगळ्यांनाच मार बसणार. तू एकट्यानं अंगावर घे. थोडीशी शिक्षा होईल. मग गावच म्हणेल, यांची विहीर वेगळी करून दिलेली बरी. पक्क्या मवाजन्यात विहीर मी घालतो. हा घे माझा विडा.

"म्या इतकी वर्सं लिंबाखाली बसलो, अमीनसाब. अर्ज केलं, हात जोडलं, सून घालवली. विहीर न्हाय मिळाली. आता गुन्हा करून मिळती म्हणत्यात, तर करतो की गुन्हा. माजं काय, पिकलं पान. पर माज्या नातीनं त्या झिऱ्यात उतरू नये."

मी संतापलो. त्याच्यावर नाही. उठलो, पेठेत गेलो आणि आडतीवरच्या हमालांना पोत्याचं शिवलेलं तोंड दाखवलं. धान्याची पोती तेच शिवतात आणि प्रत्येकाचा टाका सोबत्यांना ओळखू येतो. सगळ्यांची नजर एकाकडं गेली. त्याला ठाण्यात बसवलं तर तो रडायलाच लागला. "शेठनं सांगितलं, म्या टाकलं. माज्या घरचं बी त्याच विहिरीचं पाणी पित्यात वो."

जबाब झाला, अंगठा झाला. मी म्हाताऱ्याला हवालातीबाहेर आणून समोर बसवलं आणि सांगितलं, "बाबा, ज्यानं विहीर नासवली त्यानंच तुम्हाला विडा दिला. त्याला हौद पाहिजे. चौकातली विहीर नासली म्हणजे बाजाराला पाणी नाही, आणि बाजाराला पाणी नाही म्हणजे हौद मंजूर. तुमची विहीर त्याच्या मनात कधी नव्हतीच."

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "टाकलं आसंल त्येनं. पर शब्द बी त्येनंच दिलाय. तुमी मला सोडलं तर त्यो शब्दाला कशाला बांधील ऱ्हाईल? मला आत ऱ्हाऊ द्या. पाया पडतो तुमच्या."

आणि खरोखरच त्यानं माझे पाय धरले. सुटकेसाठी पाय धरणारे खूप भेटले. अटकेसाठी पाय धरणारा तो एकच.

मी कागद वर पाठवले. तहसीलदारांनी मला बंगल्यावर बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. सरहद्दीवर रोज गडबड, गावात रझाकारांची ये-जा, पेठेतला प्रत्येक वजनदार माणूस त्यांना आपल्या बाजूला हवा होता. "अमीनसाब, एक कुत्ते के वास्ते पूरा बाजार मेरे ऊपर छोड़ते क्या?" ते म्हणाले. जिल्ह्याहूनही तसंच उत्तर आलं. शेरा पडला: आरोपी नामालूम, म्हणजे अज्ञात. व्यापारी सुटला, हमाल सुटला, म्हातारा तर केव्हाच निर्दोष ठरला होता. कागदोपत्री इतकं स्वच्छ प्रकरण माझ्या हातून क्वचितच झालं असेल.

प्रकरण बंद झालं की मुद्देमाल ज्याचा त्याला परत करायचा असतो. म्हातारा विडा मागायला आला. मी म्हणालो, "बाबा, कशाला पाहिजे आता हा?" त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्याची जमीनच लुबाडत होतो. "त्यो माजा शब्द हाय, अमीनसाब." अंगठा उठवून घेतला आणि दिला.

मग पक्का मवाजना आला. मी नेहमीसारखा दाराशी. पेशकारानं वाचलं: चौकातली विहीर नासल्यामुळं लोकांचे हाल होत आहेत, सबब बाजारपेठेतील हौदाचं काम या वर्षी घ्यावं, गावाबाहेरील वस्तीच्या विहिरीचा विचार पुढील वर्षी. तबक फिरलं. व्यापाऱ्याची दाढ त्या दिवशी दुखत नव्हती. शेवटी अमीन म्हणून मानाचा एक विडा माझ्यापुढं आला. मी घेतला नाही. तहसीलदारांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुढची बाब पुकारली. माझ्या विड्याला मत नव्हतं.

बाहेर म्हातारा लिंबाखाली उभा होता. मुंडाशात विडा असणार, कारण त्याचा हात तिथंच होता.

"झाली का मंजूर?"

"नाही, बाबा. हौद झाला."

तो ओरडला नाही की रडला नाही. नुसता म्हणाला, "मला सोडलं नसतं तर झाली असती."

मी त्याला पुन्हा समजावलं. दोनदा समजावलं. तो मान हलवत राहिला, लहान पोराची समजूत घालावी तशी. जाताना म्हणाला, "तुमी चांगलं मानूस हाव. पर तुमाला पाणी भरावं लागत न्हाय."

पुढच्या वर्षी इजलास भरलाच नाही. राजवट गेली, बलदियाची नगरपालिका झाली, तबक बंद झालं, हात वर करून मतं द्यायला लागले. मीही नव्या खात्यात सामावला गेलो आणि बदल्यांवर फिरत राहिलो. काही वर्षांनी तामलवाडीकडच्या एका तपासाला जाताना वाट वाकडी करून मी त्या गावी उतरलो. हौद झाला होता, देखणा, घडीव दगडाचा. त्याच्यापासून लांब घागरी मांडून वस्तीतल्या बायका बसल्या होत्या, कुणीतरी ओतेल म्हणून. नगरपालिकेच्या एका लेखनिकाला विचारलं, वस्तीच्या विहिरीचं काय झालं? "आहे ना," तो म्हणाला, "अंदाजपत्रकात आहे. दर वर्षी असते."

या प्रकरणानं काय शिकवलं, असं नव्या पोरांच्या प्रशिक्षणात मला एकदा विचारलं होतं. मी पोत्याच्या टाक्याचं सांगितलं, पंचांना दिलेल्या तंबीचं सांगितलं, आपणहून आलेल्या कबुलीवर विश्वास ठेवू नये म्हणून सांगितलं. सगळं खरं आहे, आणि त्यात काही राम नाही. खरं शिकलो ते वेगळं. खोटं शोधून काढणं माझं काम होतं, ते मी चोख केलं, आणि त्या वस्तीत घागरभर पाणी वाढलं नाही. कायद्यात म्हाताऱ्याला निर्दोष ठरवायची सोय होती. त्याला तहान लागली होती, त्याची सोय कुठंच नव्हती, ना निजामाच्या राजवटीत, ना आपल्या.

त्या दिवशी मी वस्तीतही गेलो. म्हातारा वारला होता. मुलानं मला ओळखलं, घोंगडी अंथरली. घरातल्या देवळीकडं माझं लक्ष गेलं तेव्हा म्हणाला, "बाबांचंच हाय." देवाच्या टाकांशेजारी पानाचा काळपट चुरा होता आणि त्यावर लाल रेशमी धागा, गाठ तशीच.

"त्यो सोडायचा न्हाय म्हणून सांगून गेल्यात," मुलगा म्हणाला. "विहिरीला पाणी लागलं की मंग सोडायचा."

तेवढ्यात एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आत आली, म्हाताऱ्याची नात. कमरेवर अर्धी घागर, आणि गुडघ्यापर्यंत ओढ्याची ओली वाळू.