अठराच्या आत नाई जी

वडशाच्या बाजारात टॉर्च, दोरखंड आणि छऱ्याच्या बंदुका विकणाऱ्या त्या दुकानदाराकडे मी कितीतरी वर्षं जातो. बंदूक दाखवताना तो तिचं तोंड कायम भिंतीकडे ठेवतो आणि बोलताना जिथं तिथं 'जी' लावतो.

मागच्या हंगामात धानात माकडं फार शिरत होती, म्हणून थोरल्या पोराला घेऊन मी बंदूक घ्यायला गेलो. त्यानं आधी पोराचं वय विचारलं.

"पंधरा," मी म्हणालो.

"मंग नाई जी. अठराच्या आत मी देत नाई."

"माझ्या नावावर द्या नं भाऊ."

"नाव तुमचं, पन घोडा कोन दाबन जी?"

शेत राखायला पोरगाच बसणार होता. मी चिडून घरी आलो.

पंधरा दिवसांनी शेतावर माझ्या दोन्ही पोरांचं भांडण पेटलं. थोरल्यानं रागाच्या भरात हाताला लागली ती चप्पल धाकट्याला फेकून मारली. डोळ्याच्या खालीच गाल सुजला. त्यावर मी हळद लावली. बंदूक घेतली असती, तर थोरल्याच्या हाताला त्या वेळी काय लागलं असतं, हे मला कळत होतं.

पुढच्या बाजाराला मी दुकानात जाऊन सगळं सांगितलं. "तुमचे उपकार झाले भाऊ," म्हणालो.

त्यानं विचारलं, "अन मोठा? त्याले लय मारलं तर नाई नं तुमी?"

मारलं होतं. मी मान खाली घातली.

"जवळ घ्या जी त्याले," तो म्हणाला. "तो बी भेला असन."