मोहनरावांच्या गाडीचा टर्बो

अंथुर्ण्यातलं सोपानतात्याचं गॅरेज म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रे आणि मधोमध माणूसभर खोल खड्डा. पाटी कधी लावलीच नाही. लोक गाडी ओढून तिथंच आणत, आणि तात्या जेवायला बसलेला असला तर मुकाट्यानं बाकावर बसून राहत. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, अंगानं काटकुळा, तोंडानं फटकळ. गिऱ्हाइकाला आधी चार शिव्या, मग चहा, मग गाडीला हात, असा त्याचा क्रम ठरलेला. पण तात्या एकदा 'हे गेलंय' म्हणाला की ते गेलेलंच असायचं, आणि 'ह्याला काय बी झालं न्हाय' म्हणाला की गिऱ्हाईक किल्ली उचलून गुमान घरी जायचं.

टर्बोवाल्या गाड्या आल्या तेव्हा आसपासच्या मेकॅनिकांनी हात टेकले. तात्यानं टेकले नाहीत. टर्बो म्हणजे शेवटी धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा. हवा कमी पडली तर गाडी चढाला रडते, जास्त झाली तर इंजिनाचा जीव घेते. म्हणजे सगळा खेळ दाबाचा, आणि दाब मोजणं तर इथल्या शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं. तात्यानं ठिबकच्या एका जुन्या फिल्टरवरचं मीटर काढलं, त्याला पारदर्शक नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक इंजिनाच्या हवेच्या वाटेला लावलं. गाडी चढाला घालायची, मीटर मांडीवर घेऊन काट्याकडं बघत बसायचं. बारामतीच्या शिकल्यासवरल्या लोकांना हसू यायचं. तात्या म्हणायचा, काटा काय इंग्रजी बोलत नसतो.

त्याच्या दोन खोडी साऱ्या तालुक्याला ठाऊक. पहिली, खराब झालेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात ठेवल्याशिवाय तो पैशाचं नाव काढत नसे. "हे बग, हितं चिरलंय. घरी न्हे, बायकोला दाव." दुसरी खोड अशी, की टर्बोचा दाब कमीजास्त करायचा जो रॉड असतो तो जुळवून झाला की त्याच्या नटावर तो नखपॉलिशचा एक ठिपका द्यायचा. नट हलला की ठिपका तडकतो. मग कुणी हात घातला ते लपत नाही. नखपॉलिश तो निमगाव केतकीच्या बाजारात स्वतः घ्यायचा, तेही गडद जांभळंच, आणि बांगड्या विकणारी शकुबाई दरवेळी विचारायची, "तात्या, कुणासाठी वं?" तात्या लाजत नसे. "माझ्या दुसरीसाठी. लोखंडाची हाय."

हे सगळं त्यानं शिकवलं ते एकाच माणसाला, पोटच्या अजितला. पोराचे कान तयार होते. सोळाव्या वर्षी तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, आबा, हवा कुठंतरी पळतीय. पुढं आयटीआय करून अजित बारामतीच्या एका मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपला लागला आणि पाच वर्षांत तिथला मुख्य मेकॅनिक झाला. छातीवर नाव असलेला टी-शर्ट, हातात स्कॅनर, गिऱ्हाइकाला बसायला थंडगार खोली. बापाचं गॅरेज बघून आधी तीन स्थळं परत गेली होती, पण इंदापूरच्या तसल्याच एका गृहस्थानं शोरूमचं नाव ऐकून आपली मुलगी सृष्टी अजितला देऊ केली. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली होती. तात्याला ते टोचलं नाही असं कोण म्हणेल? पण टोचलं तरी छाती फुगायची ती फुगलीच.

भाद्रपदात निमगावचे मोहनराव गाडी घेऊन आले. डाळिंबवाला माणूस, वीस वर्षांचं गिऱ्हाईक, आणि आल्या आल्या अपराध्यासारखं बोलायला लागले.

"तात्या, रागवू नका. गाडी ओढंना म्हणून बारामतीला नेली व्हती. म्हणलं, तुमचाच अजित हाय तितं, म्हंजी तुमच्याकडंच आणल्यागत. त्यानं टर्बो नवा घातला. महिनाभर बरी चालली. आता परत चढाला मरती, आन काळा धूर."

"मग त्याच्याकडंच न्यायची."

"दोनदा नेली. बगतो म्हणतोय."

तात्यानं मोहनरावांना बाकावर बसवलं आणि बॉनेट उघडलं. इंजिन गार झाल्यावर हवेच्या वाटेची एक बाजू त्यानं प्लॅस्टिकच्या टोपणानं बंद केली. दुसऱ्या बाजूच्या टोपणात ट्यूबचा वॉल्व्ह बसवलेला होता, त्यातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि सगळ्या नळ्यांवरून साबणाचं पाणी फिरवलं. वरून काहीच नाही. मग तो खड्ड्यात उतरला. इंजिनाकडं जाणाऱ्या जाड रबरी नळीच्या खालच्या अंगाला, नळी आवळणाऱ्या पट्टीच्या आडोशाला, बोटभर चीर होती. फेस भसाभसा येत होता. टर्बो बिचारा इमानानं हवा कोंबत होता आणि ती वाटेतच पळत होती. नव्या टर्बोचंही तेच आणि जुन्याचंही तेच झालेलं. जुन्याला मुळात काहीच झालेलं नव्हतं.

पोराच्या नजरेतून सुटलं असेल, तात्यानं मनाशी म्हटलं. चीर खालून आहे, पट्टीआड आहे, सुटू शकतं. हे म्हणत असतानाच त्यानं बॅटरीचा उजेड टर्बोच्या रॉडवर टाकला. कंपनीतून आलेला रॉड असा नसतो. आटे चकाकत होते. कुणीतरी नट सोडून रॉड तीन आटे आखूड केला होता, म्हणजे टर्बोनं मापापेक्षा जास्त दाब द्यावा आणि वाटेत गळूनही इंजिनाला पुरेसा वाटावा. चीर माहीत असल्याशिवाय असं कोण करतं? आणि नटावर गडद जांभळा ठिपका होता.

तात्यानं अंगठ्यानं तो ठिपका चाचपला. कुठंच तडकला नव्हता. वर मोहनराव फोनवर कुणाला तरी डाळिंबाचा भाव सांगत होते.

मग त्यानं काम केलं, आणि कधी केलं नव्हतं इतकं चोख केलं. नळी नवी घातली. रॉड अर्धा अर्धा आटा सैल करत, दरवेळी कालव्याच्या पुलाचा चढ चढून, मीटरचा काटा मापावर आणला. पहिल्या फेरीला काटा दीड किलोच्या पुढं उडाला तेव्हा तात्याचा जीव धसकला. अशीच राहिली असती तर दोन महिन्यांत नवा टर्बोही गेला असता आणि सोबत इंजिनही. सातव्या फेरीला काटा एकाच्या जरा वर जाऊन गपगार थांबला. गाडी चढ अशी चढली की मागं बसलेले मोहनराव पोरासारखे हसले.

"काय निघालं वं तात्या? द्या की हातात."

फाटकी नळी तात्यानं आधीच बाकाखाली सरकवली होती. त्यानं भंगाराच्या डब्यातली एक गंजकी पट्टी उचलून मोहनरावांच्या तळव्यावर ठेवली.

"ही ढिली झालती. किरकोळ हाय."

"मग टर्बो?"

"टर्बो गेलताच. पोरानं बदलला ते बराबर केलं."

मोहनरावांनी पट्टी उलटसुलट करून बघितली आणि खिशात घातली. त्यांच्या चेहऱ्यावरचा संशय उतरला, आणि तो उतरताना बघून तात्याला स्वतःची इतकी किळस आली की त्या दिवशी त्यानं मजुरीला हात लावला नाही. मोहनराव म्हणाले, तुमचं मन लई मोठं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजित बारामतीला कामावर निघायला बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याची आई, संजीवनीबाई, चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

"मोहनरावाची गाडी आलती," तात्या म्हणाला. "नळी फाटली व्हती."

"म्हाईत हाय."

तात्याला वाटलं होतं, पोरगं चपापेल, निदान खोटं तरी बोलेल.

"म्हाईत हाय म्हंजी?"

"पयल्याच दिवशी दिसली व्हती. आबा, तितं नळीला कुणी इचारत न्हाय. म्हैन्याला टर्बो किती खपले, ते इचारत्यात. वरनं टर्बो बदला म्हणले, बदलला. नंतर नळी काढली असती तर गिऱ्हाईक म्हणलं असतं, मग टर्बो कशाला बदललात? म्हणून रॉड आवळला. नळी पुढच्या खेपंला निघालीच असती."

"आन त्याच्यावर माझा ठिपका दिलास?"

"सवय हाय," अजित म्हणाला. त्यात गुर्मी नव्हती, हीच गोष्ट तात्याला जास्त लागली. पोरगं खरंच सवयीनं बोलत होतं. बापाचा हात त्यानं नीट उचलला होता, बाकीचा बाप तिथंच ठेवून.

तात्या उठला तशी संजीवनीबाईंनी परातीवरचा हात थांबवला. "हळू बोला. शेजारी ऐकू जातंय. तारीख धरलीया पोराची." तात्या परत बसला. हे बसणं त्याला आयुष्यभर पुरणार होतं, पण तेव्हा त्याला वाटलं की आपण फक्त एक वाद टाळला.

मोहनराव म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र. निमगावच्या बाजारात, दूध डेअरीवर, लग्नाच्या पंगतीत त्यांनी एकच गोष्ट सांगितली. शोरूमवाल्यांवर आपला विश्वास नव्हता, पण खुद्द सोपानतात्यानं गाडी उघडून बघितली आणि म्हणाला, पोरानं बरोबर केलं. ज्याला शंका होती तो त्या शब्दावर बारामतीला गेला. दिवाळीच्या आत वर्कशॉपच्या भिंतीवर अजितचा फोटो लागला. तात्याच्या पत्र्याखाली जुने ट्रॅक्टर तेवढे यायचे, आणि चहा प्यायला येणारे म्हणायचे, तात्या, नशीब काढलंत, गुरूपेक्षा चेला भारी निघाला.

दिवाळी सरली आणि प्रयागबाई आली. गावातलीच बाई, नवरा गेल्यावर हिमतीनं पिकअप घेतलेली. आपली वांगी-टोमॅटो आणि आळीतल्या चार घरांचा भाजीपाला तीच बाजारात पोचवायची. गाडी बारामतीच्या वर्कशॉपला उभी करून ती एसटीनं आली होती.

"तात्या, टर्बो बदला म्हणत्यात. गाय इकायला लागती त्याच्यापायी. गिऱ्हाईक दारात उभं हाय. तुमी एकदा व्हय म्हणा, म्हंजी मी सुटले."

"काय करती गाडी?"

"रिकामी पळती. माल भरला की चढाला काळा धूर, आन सूं सूं आवाज."

"तेल कमी व्हतंय? निळा धूर?"

"न्हाय बा."

तात्यानं हातातला पाना खाली ठेवला. गाडी न बघताही त्याला चीर दिसत होती. आपण आता काय बोलणार आणि त्याचं घरात काय होणार, हेही दिसत होतं. सृष्टीचा बाप दिसला, भिंतीवरचा फोटो दिसला. तरी तो बोलला, आणि बोलताना दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याला छातीत मोकळं वाटलं.

"प्रयागबाई, गाय इकू नगा. टर्बोला काय बी झालं न्हाय. नळी फाटली आसंल. गाडी हितं आणा."

बाई बाकाच्या कडेला टेकली.

"अजित म्हणलाच व्हता, आबा असं बोलतील. त्यांचं गिऱ्हाईक तुटलंय, म्हणला."

"अजित म्हणला?"

"व्हय. आन मोहनरावाला तर तुमीच सांगितलं, टर्बोच गेलता म्हणून. आख्ख्या तालुक्याला म्हाईत हाय."

"ते खोटं सांगितलं व्हतं मी. पोरासाठी."

हे वाक्य तोंडातून काढायला तात्याला किती लागलं, ते त्याचं त्याला ठाऊक. प्रयागबाईला त्यातलं काही दिसलं नाही, आणि का दिसावं? तिची गाय जायची होती. ती चिडलीही नाही, नुसती दमल्यासारखी झाली.

"तवा पोरासाठी खोटं बोललात. आज गिऱ्हाइकासाठी बोलत न्हाय कशावरनं?"

"गाडी तरी आणा. फुकट बगतो. नळी तुमच्या हातात देतो."

"मोहनरावाच्या बी हातात दिलंतच की काहीतरी."

समोर रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. मग प्रयागबाईनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं, पिशवीतून फोन काढला आणि तिथंच, त्याच्यासमोर, लावला.

"अजित, बसव बाबा नवा," ती म्हणाली. "न्हाय, इचारून झालं हितं. तुझा बाप घडीत एक बोलतुया, घडीत एक."