वर्षभर थांबता आलं तर

गेल्या रविवारपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. आता सांगतेय तेही रागानेच — आणि राग कुणाचा, ते तुम्हाला कळेलच.

माझ्या वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, हट्टीपणामुळे गेल्या असं आमच्या घरात मानलं जातं. छातीतली गाठ वेळेवर सापडली होती, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, पण बाईंनी ऐकलं नाही. किती सोयीचं, नाही का? मेलेली बाई उलटून बोलत नाही.

त्या वर्षांत पुण्यात सगळंच ‘लवकरच’ येत होतं. उड्डाणपूल लवकरच, मॉल लवकरच. दादा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, मी वाघोलीपुढे एका नव्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. गाठ वाढवणाऱ्या जनुकाला गप्प करणारे आरएनएचे बारीक तुकडे आम्ही बनवत होतो. ते शरीरात टिकत नाहीत, लगेच मोडतात. म्हणून ते जेलमध्ये भरायचे, गाठीशेजारी एकदाच टोचायचे, आणि जेल विरघळेल तसं औषध आठवडेच्या आठवडे थोडं थोडं सुटत राहणार. कल्पना चांगली होती, आजही आहे. फक्त आमचं जेल तसं वागत नव्हतं. बहुतेक औषध पहिल्याच दिवशी सांडून मोकळं व्हायचं. उंदरांच्या गाठी जरा आक्रसायच्या आणि पुन्हा वाढायच्या. हे सगळ्यांना माहीत होतं. मला तर होतंच.

तरी पेपरात बातमी आली. पांढऱ्या कोटातला माझा फोटो, खाली ‘कर्करोगावर पुण्याचं औषध लवकरच रुग्णांपर्यंत’. मी वार्ताहराला ‘लवकरच’ म्हटलं नव्हतं. पण दुरुस्ती करा असा फोन केला का? नाही केला. सोसायटीत माझा सत्कार झाला, तो मी हसतमुखाने घेतला.

आणि वहिनी — त्या आमच्याजवळच्या एका छोट्या जलतरण तलावावर मुलींना पोहायला शिकवायच्या. बायकांच्या बॅचमध्ये त्यांचा दरारा होता. ऑपरेशनमध्ये छाती काढावी लागणार, हे ऐकून त्या रडल्या नाहीत. मंडईत मला सोबत घेऊन गेल्या आणि वांगी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “नीलू, खरं सांग. तुझं ते जेल माझ्या कामाचं आहे का?”

खरं सांग, म्हणाल्या. एवढंच मागितलं होतं.

मी काय म्हटलं? “वर्षभर थांबता आलं तर... ट्रायल सुरू होईल बहुतेक.” ‘थांबा’ असं मी म्हटलं नाही — बघा, अजूनही माझी वकिली चालूच आहे! ट्रायल कुठेच नव्हती. माणसांपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, पोचेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण फोटो छापून आलेल्या बाईला “नाही हो वहिनी, अजून उंदरातसुद्धा जमलेलं नाही” असं म्हणवेना. बस्स. एवढंच कारण. याहून मोठं काही शोधू नका, मी शोधून थकलेय.

वहिनींनी ऑपरेशन पुढे ढकललं. दादा संतापला. “डॉक्टर काय वेडे आहेत?” असं रोजचं सुरू झालं. वहिनींनी माझं नाव एकदाही घेतलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. अधूनमधून फोन करायच्या, हसून म्हणायच्या, “काय म्हणतायत तुझे उंदीर?”

“मजेत आहेत,” मी म्हणायचे. त्या आठवड्यात मरून पडलेले मीच उचललेले असायचे.

वर्ष संपायच्या आत आजार हाडांत पोचला. मग ऑपरेशनला अर्थ उरला नाही. वहिनी गेल्या. कंपनीने ते काम गुपचूप बंद केलं. त्याची बातमी अर्थातच आली नाही. भेटायला आलेली माणसं चहाचे कप हातात घेऊन हळहळत होती — “शिकलेल्या होत्या, पण हट्टी हो!” मला चीड यायला हवी होती. मी मान हलवली. नुसती मान नाही, बोललेसुद्धा — “हो, वहिनी पहिल्यापासूनच तशा.” हे मी म्हटलं. त्यांच्या घरात बसून, त्यांच्या मुलीसमोर.

ती मुलगी, मुक्ता, आता मोठी झालीय. गेल्या महिन्यात तिच्या हाताला छातीत गाठ लागली. तपासली, साधी निघाली. रविवारी दादाकडे जेवायला बसलो होतो आणि दादा तिला म्हणाला, “वेळेवर गेलीस ते बरं केलंस. आईसारखा हट्ट केला नाहीस.”

मुक्ता खाली मान घालून म्हणाली, “हो.”

त्या ‘हो’ने माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सगळं सांगितलं. मंडई, वर्षभर, उंदीर, सगळं. माझं संपल्यावर दादाने विचारलं, “तिला माहीत होतं? तुमचे उंदीर मरत होते ते?”

“नाही.”

त्याने ताट पुढे सारलं. “शेवटचं वर्ष मी तिच्याशी भांडत होतो गं,” म्हणाला. मग हात न धुताच उठला, आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

मुक्ताने माझी पर्स आणून माझ्या हातात दिली. मी चपला घातल्या आणि जिना उतरले.