इसिडोरचं सुकवणीचं कपाट

मरोळच्या गावठाणात इसिडोरला सगळे 'इंजिनवाला' म्हणायचे. सव्वीस वर्षं तो बोटीवर होता आणि सुट्टीवर आला की इंजिनखात्यात आहे असं सांगायचा. कायमचा घरी परतून त्याला तीन वर्षं झाली होती. विहिरीचा पंप बिघडला की लोक त्याला बोलवायला यायचे, पण त्याची नेमकी त्याच दिवशी कंबर दुखायची.

पंचावन्न साली, उन्हाळ्यात, स्वयंपाकघराला जुनं दार मिळतं का बघायला तो बायकोबरोबर जोगेश्वरीला गेला. तिथे श्यामसुंदरचं जुन्या सामानाचं दुकान होतं. साहेबलोक देश सोडून गेले, त्यांच्या बंगल्यांतल्या खुर्च्या, आरसे, पलंग त्याच्याकडे येऊन पडत.

सेराफिना दारं ठोकून बघत होती. इसिडोर मात्र मागच्या पडवीत जाऊन उभा राहिला. तिथे एक लाकडी पीप होतं, त्याला बाहेरून दांडा, वर एकावर एक दोन रबरी रूळ. शेजारी पुरुषभर उंचीचं पत्र्याचं कपाट.

"काका, उसाचा रस काढायचं यंत्र आहे ते," श्यामसुंदर म्हणाला. "आणि ते कपाट बेकरीतलं असणार."

"उसाचं कुठलं!" इसिडोर एकदम बोलला. "कपडे धुवायचं यंत्र आहे हे. हा दांडा मागेपुढे केला की आतला पंखा फिरतो. मग कपडा या रुळांतून काढायचा, पाणी निथळून जातं. पण बटणं आत घेऊन आधी घडी घालायची, नाहीतर ती तुटतात."

बोलता बोलता त्याने बाही वर सारली. श्यामसुंदरचं ओलं फडकं रुळांत सरकवलं, डाव्या हाताने ताण धरला, उजव्याने रुळांची मूठ फिरवली. फडकं पलीकडून पापडासारखं सपाट बाहेर आलं. मग त्याने कपाट उघडलं, आतल्या दांड्या ओढून दाखवल्या, खाली शेगडी ठेवायचा कप्पा दाखवला. "इथे कपडे सुकतात. बाहेर कितीही पाऊस असो."

मागे वळला तर सेराफिना उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. इंजिनवाल्याचा हात असा चालत नाही, एवढं तिला कळत होतं.

"घेऊन टाक दोन्ही," एवढंच ती म्हणाली. दार राहूनच गेलं.

परतताना दोघं बैलगाडीत सामानाला टेकून बसली. गाडी बरीच पुढे आल्यावर तिने विचारलं, "कोणाचे कपडे धुवायचास तू?"

"सगळ्यांचे," तो म्हणाला. "कप्तानाचे, गोऱ्या बायकांचे, आजाऱ्यांच्या चादरी. पहिली दोन वर्षं असंच हातयंत्र होतं. मग वाफेची मोठी यंत्रं आली."

"आणि मला इंजिन सांगितलंस?"

"तुझ्या बापाने विचारलं होतं, कुठल्या खात्यात. धोबीखातं सांगितलं असतं तर तू मिळाली असतीस?"

मरोळ जवळ आलं तेव्हा सेराफिना म्हणाली, "सव्वीस वर्षं घरी माझे हात सोलवटले विहिरीवर. तुला एकदाही लुगडं पिळावंसं वाटलं नाही?"

दुसऱ्या दिवशी अंगणात त्याने सायकलची जुनी ट्यूब कापून चिरलेल्या रुळांवर ताणून बसवली आणि घरातले सगळे कपडे स्वतः धुतले. कुंपणावरून लोक बघत होते. शेजारच्या ज्युलियसने विचारलं, "इंजिन आहे काय रे हे?" इसिडोर म्हणाला, "नाय. बोटीवर मी हेच काम करायचो." ज्युलियस हसला, मग गावभर सांगून आला. चार दिवस लोक बोलले, नंतर विषय शिळा झाला.

यंत्र बायकांना पटलं नाही. दगडावर आपटल्याशिवाय मळ निघतो यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि रुळांत पदर अडकेल याची भीती. खरी मागणी आली ती कपाटाला. जुलैत पाऊस आठवडाभर थांबला नाही. पलीकडच्या रीटाला जुळी झाली होती. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर ओले लंगोट, आणि पोरं सर्दीने बेजार. ती दारात येऊन घुटमळली.

"मावशी, काका रागावणार नाहीत ना? बाळांचे कपडे आहेत..."

"आण गं सगळे," सेराफिना म्हणाली. "माझ्या माणसाने अख्ख्या बोटीचे कपडे सुकवलेत. तुझे एवढेसे लंगोट काय!"

इसिडोर शेगडीत कोळसे पेटवत होता. त्याने मान वर केली नाही, पण कानापर्यंत लाल झाला. लंगोट दांड्यांवर एकेक करून टांगले, मधे बोटभर जागा सोडली, दार लावलं. थोड्या वेळाने त्याने एक काढून हाताच्या पाठीला लावून पाहिला.

"शिवणीत ओल आहे अजून," तो रीटाला म्हणाला. "बस, चहा घे."