सोडतीची तारीख

अक्का बोलताना समोरच्याचं मनगट धरायच्या. सगळं आयुष्य बांगड्या भरण्यात गेलेलं. हात हातात घेतल्याशिवाय त्यांना बोलणंच सुचायचं नाही. समोर बाई आहे की पुरुष, याचा त्यांना फरक पडत नसे. आमच्या नगरपरिषदेत नवे साहेब आले होते, ते एकदा जेवायला निघाले असताना अक्कांनी त्यांना दारातच गाठलं. घड्याळ बांधलेला हात धरला आणि बाजारातल्या तुंबलेल्या गटारीबद्दल बोलायला सुरुवात केली. साहेबांना वेळ बघायची होती, पण घड्याळ अक्कांच्या मुठीखाली. वीस मिनिटांनी हात सुटला तेव्हा गटार दुसऱ्या दिवशी उपसायची असं ठरून गेलं होतं.

त्या अक्का गेल्या, त्याला आता दोन महिने होत आले. हे वाक्य लिहिलं आणि मीच ते परत वाचलं. अजूनही ते दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिल्यासारखं वाटतं. आदल्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलासमोर बसून भाजलेल्या शेंगा खात होत्या. नव्या बाजारातल्या पाण्याच्या उतारावरून माझ्याशी वाद घालत होत्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फळवाल्या रशीदचाचांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, अक्का गेल्या." मी विचारलं, "कुठं?" खरंच विचारलं. मला वाटलं, लातूरला माल आणायला गेल्या असतील.

मी मूळची हदगावकडची. कनिष्ठ अभियंता म्हणून नेमणूक झाली ती नांदेड-लातूर रस्त्यावरच्या या तालुक्याच्या गावात, आणि पहिलंच काम आलं ते बाजाराचं. रस्त्याकडेला बसणाऱ्या विक्रेत्यांना तिथून उठवून मागच्या मैदानात ओटे बांधून द्यायचे होते. मी टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन मापं घ्यायला गेले, तेव्हा सगळा बाजार गप्प होऊन माझ्याकडं बघत राहिला. मग एक ठेंगणी, दोन्ही हातांत हिरवी काकणं भरलेली बाई उठून आली. मला वाटलं, आता भांडण होणार. त्यांनी माझं मनगट धरलं, दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "दोन-चार." ते माझ्या बांगडीचं माप होतं. माझ्या हातात तेव्हा एकही बांगडी नव्हती.

"आधी खाली बस," त्या पुढं म्हणाल्या. "उभं राहून बाजार दिसत न्हाई."

मी त्यांच्या पेटीशेजारी पोत्यावर तासभर बसले. खाली बसल्यावर बाजार खरोखरच वेगळा दिसला. गिऱ्हाइकाचं तोंड नंतर दिसतं, आधी गुडघे दिसतात. मोटारसायकलचा धूर थेट नाकात येतो. दुपारचं ऊन पश्चिमेकडून भाजीवर येतं आणि मेथी तासाभरात मान टाकते. माझ्या नकाशात ओटे तीन फूट उंच होते आणि त्यांची तोंडं पश्चिमेला होती. अक्कांना नकाशा वाचता येत नव्हता, पण उंची मी हाताने दाखवली तेव्हा त्यांनी समोरच्या कोथिंबीरवाल्या म्हातारीकडं बोट केलं आणि विचारलं, "ही चढंल कशी, अन् उतरंल कशी?"

ओटे दीड फुटांवर आले, तोंडं पूर्वेला फिरली. बैठकीत मी हा बदल स्वतःच्या डोक्यातला म्हणून मांडला. अक्का विक्रेत्यांच्या वतीने कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. बाहेर आल्यावर मला शरम वाटली. मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "बरं केलंस. माझं नाव घेतलं असतंस तर मोडलं असतं त्यांनी."

अक्कांना गावातल्या बायका नावांपेक्षा मापांनी जास्त आठवायच्या. 'ती दोन-सहाची, पोस्टामागं राहते,' असं त्या सांगत. माप बदललं की त्यांना बरोबर कळे. एखाद्या सुनेच्या हातात बांगडी सैल झाली, की पुढच्या बाजारी त्या तिच्या सासूला बाजूला घेऊन दोन शब्द ऐकवत. स्वतः त्या तिशीच्या आतच विधवा झाल्या होत्या, पण हातातली काकणं त्यांनी उतरवली नाहीत, आणि नवरा गेलेली बाई पुढ्यात येऊन बसली तर तिलाही तितक्याच मायेनं भरली. कुणी कुरकुर केली तर म्हणायच्या, "काचेला काय कळतंय, कुणाचा नवरा हाय अन् कुणाचा न्हाई?"

विक्रेत्यांची संघटना झाली तेव्हा त्यांना अध्यक्ष केलं. त्या शब्दाचं त्यांना हसू यायचं. पण एका दिवाळीच्या तोंडावर आमच्या नगरपरिषदेच्या लोकांनी बाजारातल्या सगळ्या ताडपत्र्या काढून आणल्या, तेव्हा अध्यक्ष म्हणजे काय ते मी बघितलं. तरुण पोरं रस्ता अडवायला निघाली होती. अक्कांनी त्यांना थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीसेक बाया टोपल्या घेऊन आमच्या ऑफिसच्या आवारात आल्या, सावली बघून ओळीनं बसल्या आणि तिथंच विकायला लागल्या. घोषणा नाहीत, काही नाही. दुपारपर्यंत आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या लेखापालांनी स्वतः दोन जुड्या पालक घेतला. संध्याकाळी ताडपत्र्या परत गेल्या.

एवढं सगळं होईपर्यंत नवी जागा बांधून तयार झाली. उरली होती ती सोडत. कुणाला कुठला ओटा, हे चिठ्ठ्या काढून ठरवायचं. पहिली तारीख ठरली आणि सभाच झाली नाही म्हणून पुढं गेली. दुसरी तारीख माझ्यामुळं गेली. यादीत नावांच्या चुका होत्या, आणि त्या दुरुस्त करायच्या आठवड्यात मी मावसबहिणीच्या लग्नाला रजेवर होते. तिसऱ्या वेळी साहेब प्रशिक्षणाला गेले. प्रत्येक वेळी अक्कांना मीच कळवायची. पहिल्या दोन्ही वेळा त्यांनी मला चांगलं झापलं. तिसऱ्या वेळी फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "पंधराच दिवस ना, बाई? नक्की पंधरा?"

मी म्हटलं, हो, नक्की. आणि फोन ठेवून दुसऱ्या फायलीला लागले.

त्यातला नववा दिवस होता तो. अक्का नेहमीसारख्या आठ वाजता आल्या होत्या, पेटी उघडली होती, झटकून झाली होती. मग त्या मागं खांबाला टेकल्या. शेजारच्या रशीदचाचांना वाटलं, डुलकी लागली. एक गिऱ्हाईक येऊन हात पुढं करून बसलं आणि अक्कांनी तो हात धरला नाही, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

मी पोचले तोवर त्यांना घरी नेलं होतं. बाजार कुणी बंद करायला सांगितला नव्हता, पण कुणी विकतही नव्हतं. माणसं आपापल्या मालाशेजारी बसून होती. कोथिंबीरवाली म्हातारी मला म्हणाली, "काल मला चिडवून राहिली होती गं ती." तिच्या आवाजात रडू नव्हतं, नुसतं नवल होतं. माझंही तेच झालं होतं. त्या दिवशी मला रडू आलंच नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. अक्कांची एकुलती एक मुलगी शोभा, ती चाकूरला दिलेली. तिनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि आतून एक पिवळी फाईल आणून माझ्या मांडीवर ठेवली. नांदेडच्या दवाखान्याची होती. हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या, ऑपरेशन लगेच करा असं लिहिलेलं होतं. वरची तारीख मी दोनदा वाचली. पहिली सोडत ठरली होती त्याच्या आधीच्या आठवड्यातली होती ती.

"सोडत झाली की जाते म्हणायची," शोभा म्हणाली. "मी नसले तर पार कोपऱ्यातले ओटे म्हाताऱ्यांच्या नावावर घालतील म्हणायची. दर वेळेला मी बॅग भरायची अन् दर वेळेला तारीख पुढं जायची."

ती हे मला बोल लावायला सांगत नव्हती. तिला ठाऊकच नव्हतं की एक तारीख माझी होती. मी तिला ते सांगितलं. लग्न, रजा, यादी, सगळं. आणि म्हटलं, अक्कांनी मला एका शब्दानं सांगायला हवं होतं.

शोभानं अगदी साधेपणानं विचारलं, "सांगितलं असतं, तर बदलली असती का हो तुम्ही तारीख?"

'हो' म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. कदाचित मी अक्कांना दोन दिवसांत ऑपरेशन करून या म्हटलं असतं, सोडतीचं आम्ही बघतो म्हटलं असतं. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला नसता. आणि तसा विश्वास ठेवावा असं आम्ही त्यांना कधी काही दाखवलंही नव्हतं.

सोडत ठरल्या दिवशी झाली, पंधराव्या दिवशी. सकाळी साहेब म्हणाले, अध्यक्ष वारल्या आहेत, आणखी आठवडाभर थांबू. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलले. चिठ्ठ्या काढायच्या आधी मी यादीतली म्हातारी माणसं वेगळी काढून त्यांना बाजाराच्या दाराजवळचे ओटे द्यायला लावले. अक्कांच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. शोभानं पुढं येऊन सही केली.

ती आता बांगड्यांची पेटी मांडायला चाकूरहून रोज एसटीनं येते. आईसारखं बोलणं तिला जमत नाही, बोलताना हातही धरत नाही. मागच्या सोमवारी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "ओट्यांवर नळ कधी येणार? होईल म्हणू नका. वार सांगा."

मी गुरुवार म्हटलं. प्लंबर बुधवारी नाही म्हणाला. गुरुवारी सकाळी मी दुसरा शोधून आणला आणि नळाला पाणी येईपर्यंत, दुपारी चारपर्यंत, त्याच्याजवळ उन्हात उभी राहिले.