कंदीलवाला म्हातारा

लेकीने टॅरोची पाच पानं जेवणाच्या टेबलावर नुसती पसरली. मी विचारलं, "यात भूतकाळ कुठला, भविष्य कुठलं?"

"जागा ठरलेल्या नाहीत, बाबा. नजर आधी जाईल तिथून वाचायचं."

माझी नजर एका पानावर बर्फात कंदील घेऊन एकट्याच उभ्या असलेल्या म्हाताऱ्यावर गेली होती. बोट मात्र मी सूर्याच्या पानावर ठेवलं. जागा ठरलेल्या असत्या, तर त्या म्हाताऱ्याला भूतकाळात ढकलून मी मोकळा झालो असतो. माझ्या वडिलांना, अण्णांना, सोमवारी वृद्धाश्रमात न्यायचं मी ठरवलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तेवढ्यात अण्णाच चहाचा कप घेऊन आले आणि पानांवर वाकले. "हा एवढ्या थंडीत कुठे निघालाय गं?"

"आज पानं बाबा वाचतायत, आजोबा. त्यांनाच विचारा."